तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात स्वयंसेवक व्हायचंय? मग ही तयारी करा

दिवाळीची सुट्टी संपली की शाळाशाळांतून विज्ञान प्रदर्शनाची लगबग सुरू होते. आधी शाळा, मग तालुका, जिल्हा, राज्य आणि शेवटी एनसीईआरटीचं (राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचं) राष्ट्रीय प्रदर्शन, अशी ही चढण. यातली तालुक्याची पायरी सगळ्यात गर्दीची. आयोजन पंचायत समितीच्या शिक्षण विभागाचं, जागा एखाद्या यजमान शाळेची आणि राबणारे हात त्या शाळेतल्या शिक्षकांचे, शिपायांचे आणि विज्ञान अध्यापक मंडळातल्या चार-सहा जणांचे. त्यांना मदत हवी असते, पण मागायची कोणाकडे हे कळत नाही. आणि ज्यांना मदत करता येईल असे डिप्लोमावाले, बीएस्सीची मुलं, कंपनीतून निवृत्त झालेले फोरमन, या सगळ्यांना वाटतं की तिथे आपलं काय काम!

काम भरपूर असतं. पण ते नेमकं कशासाठी करायचं हे आधी पक्कं करा. प्रत्येक मुलाला परीक्षकांसमोर चार-पाच मिनिटं मिळतात. त्यासाठी ते महिनाभर खपलेलं असतं आणि पहाटेच्या एसटीत मॉडेल मांडीवर सांभाळत आलेलं असतं. वायरी, याद्या, बॅज, जेवण ही सगळी उठाठेव ती पाच मिनिटं नीट पार पडावीत म्हणून. काय आधी करायचं असा प्रश्न पडला की हा निकष लावा. पाहुण्यांचे पुष्पगुच्छ आपोआप यादीच्या तळाला जातील.

आधी कोणाला भेटायचं

गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात चौकशी केली की यंदाची यजमान शाळा आणि तारखा कळतात. तिथून थेट त्या शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटा, निदान दोन आठवडे आधी. 'काही मदत लागली तर सांगा' असं म्हणून परत येऊ नका. त्यांच्या डोक्यावर इतकं ओझं असतं की काय सांगावं हेही त्यांना सुचत नाही. 'मी आदल्या दिवशी सगळे प्लग तपासून देतो', 'नोंदणीच्या टेबलावर दोन्ही दिवस मी बसते', असं नेमकं बोला आणि दोन्ही दिवस पूर्ण थांबायची तयारी असेल तरच शब्द द्या. उद्घाटनाला फोटोपुरते येणारे स्वयंसेवक त्यांनी बरेच पाहिलेले असतात.

त्याच भेटीत परिपत्रक मागून घ्या. राज्यात या प्रदर्शनाचं काम नागपूरच्या रविनगरमधली राज्य विज्ञान शिक्षण संस्था पाहत आली आहे. मुख्य विषय आणि उपविषय एनसीईआरटीकडून ठरून येतात. गट साधारण असे असतात: सहावी ते आठवी, नववी ते बारावी, शिक्षकांचं शैक्षणिक साहित्य आणि प्रयोगशाळा परिचर. त्यांच्या जोडीला प्रश्नमंजूषा, वक्तृत्व, निबंध यांतलं काहीबाही असतं. कोणता गट कुठे बसणार आणि कोणाचं परीक्षण कधी, हे तुम्हाला पाठ असलं पाहिजे, कारण दिवसभर लोक हेच विचारणार आहेत.

विज्ञानाच्या सगळ्याच स्पर्धा एका पठडीतल्या नसतात, हेही लक्षात असू द्या. केंद्र सरकारच्या इन्स्पायर मानक योजनेत निवड झालेल्या विद्यार्थ्याला मॉडेल करायला दहा हजार रुपये मिळतात, आणि तिथे कल्पनेचं नावीन्य व समाजाला होणारा उपयोग यांवर भर असतो. राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेत मॉडेलपेक्षा मुलांनी परिसरात केलेला अभ्यास, नोंदी आणि अहवाल महत्त्वाचा. मुंबईतून सुरू झालेल्या डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत सहावी आणि नववीच्या मुलांना लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिकही द्यावं लागतं. तिथे स्वयंसेवकाचं काम परीक्षा केंद्रावरच्या माणसासारखं असतं. हा लेख मात्र प्रदर्शनाबद्दलच आहे.

आणखी एक. तुमचा मुलगा, भाची किंवा शिकवणीतला विद्यार्थी यंदा भाग घेत असेल तर पहिल्याच भेटीत सांगून टाका आणि परीक्षण, गुणांची बेरीज या दोन कामांपासून लांब राहा. निकालाच्या दिवशी हेच कुणीतरी दुसऱ्याने सांगितलं तर तुमच्यासकट शाळेची अडचण होते.

आदला दिवस: वीज आणि जागा

या दिवसाला कुणी फारसं महत्त्व देत नाही आणि दुसऱ्या दिवशीचे निम्मे घोटाळे इथूनच निघतात.

शाळेच्या वर्गात साधारणपणे एक-दोनच सॉकेट असतात, तेही पंख्याच्या बटणांशेजारी, सहा अँपिअरचे. २३० व्होल्टला सहा अँपिअर म्हणजे जेमतेम १,३८० वॉट. एलईडी, छोटी मोटर, आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड) यांची वीस मॉडेलं त्यावर सहज चालतील, पण कुणी हजार वॉटची शेगडी आणि शेजारच्याने पाणी तापवायचा रॉड लावला की एमसीबी (भार वाढला की आपोआप बंद होणारा स्विच) पडलीच. जुन्या शाळेत एमसीबीऐवजी फ्यूज असतो आणि त्यात कुणीतरी जाड तार घातलेली असते. तसं असेल तर प्रकरण गंभीर, कारण मग फ्यूजआधी वायर तापते. म्हणून नोंदणी अर्जांतून विजेची मॉडेलं वेगळी काढा आणि त्यातली तापणारी आणखी वेगळी. तापणाऱ्यांना प्रयोगशाळेत किंवा जिथे १६ अँपिअरचं मोठं सॉकेट आहे तिथे बसवा. एका एक्स्टेन्शनमध्ये दुसरं, दुसऱ्यात तिसरं ही माळ कुणाला लावू देऊ नका.

शाळेचा वायरमन असेल तर त्याला सोबत घेऊन प्रत्येक सॉकेटला टेस्टर लावा, अर्थिंग आहे का पाहा. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवलेली असेल तर तिचं 'टेस्ट' बटण दाबून ती पडते का ते बघा. मेन स्विच कुठे आहे हे निदान चार स्वयंसेवकांना प्रत्यक्ष नेऊन दाखवा. वायरी भिंतीकडेने न्या आणि रुंद चिकटपट्टीने जमिनीला चिकटवा. चालायच्या वाटेत आडवी वायर नको. महावितरणच्या स्थानिक कार्यालयात त्या दोन दिवसांत दुरुस्तीसाठी वीज बंद राहणार आहे का, ते विचारून ठेवा. एका फोनचं काम आहे.

मग जागांची वाटणी. यादीतल्या क्रमांकाने सरळ बसवत गेलं की सौरचूल वर्गात आणि होलोग्राम उन्हात, असं होतं. सौरऊर्जेची मॉडेलं व्हरांड्यात किंवा पटांगणात, तीही परीक्षणाच्या वेळी जिथे ऊन असेल अशा बाजूला. सकाळी दहाचं ऊन दुपारी तीनला तिथे नसतं, एवढं पाहून ठेवा. प्रकाशाचे प्रयोग अंधाऱ्या खोलीत. ठिबक सिंचन, जलशुद्धीकरण, पवनचक्कीने चालणारा पंप ही मंडळी नळाजवळ. आणि पूर आल्यावर, गॅस गळल्यावर, चोर आल्यावर वाजणारे सगळे गजर एका खोलीत एकत्र आणू नका, परीक्षकांना शेजारच्या मुलाचं बोलणंच ऐकू येत नाही.

पिशवीत काय हवं

टेस्टर, मल्टिमीटर, सोल्डर गन, ग्लू गन, इन्सुलेशन टेप, कात्री, स्क्रू ड्रायव्हर, नऊ व्होल्टचे आणि पेन्सिल सेल, जंपर वायर, आर्डुइनोला लागणारी यूएसबी केबल, सेफ्टी पिना, मार्कर. प्रवासात मॉडेलं मोडतातच आणि पहिल्या तासात या पिशवीभोवती गर्दी होते.

दुरुस्तीचा नियम एकच ठेवा: मूल सांगेल तेवढंच करायचं. 'ही वायर निघालीय' म्हणालं तर ती जोडून द्या, शक्य असेल तर त्याच्याच हातून जोडून घ्या. 'इथे ट्रान्झिस्टर बदलला तर आणखी छान चालेल' ही हुशारी दाखवू नका. सर्किट आपण सुधारलं आणि परीक्षकांनी नेमकं त्याबद्दलच विचारलं तर उत्तर त्या मुलाला द्यायचं असतं.

नोंदणीचं टेबल

टेबलावर निदान दोघं हवेत. एकाने यादीवर खूण करायची, दुसऱ्याने मुलांना जागेवर नेऊन सोडायचं. हाताने दिशा दाखवून पाठवलेलं खेड्यातल्या शाळेचं मूल मोठ्या शाळेच्या आवारात दोनदा तरी चुकतं.

प्रमाणपत्रासाठी नाव मुलालाच मोठ्या अक्षरांत लिहायला सांगा. शिक्षकांनी घाईत फोनवर कळवलेल्या नावांत वेलांट्या आणि आडनावं बदललेली असतात, आणि ते प्रमाणपत्र पुढे कितीतरी वर्षं घराच्या भिंतीवर राहणार असतं. मॉडेलच्या टेबलावर मात्र क्रमांक, गट आणि शीर्षक एवढंच लावा, शाळेचं नाव नको. गणवेशावरून शाळा ओळखू येतेच, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरीही कार्डावर नाव नसलेलं बरं.

एसटी चुकली, टेम्पो बंद पडला म्हणून उशिरा येणारे असतातच. दाराजवळ दोन-तीन टेबलं मोकळी ठेवा. त्यांना स्पर्धेत घ्यायचं की नाही हे केंद्रप्रमुख किंवा विस्तार अधिकारी ठरवतील. तो निर्णय तुमच्या अंगावर घेऊ नका, पण तो होईपर्यंत मुलाला बसायला जागा आणि पाणी द्या.

काय आत येऊ द्यायचं नाही

मांडणी चालू असतानाच एक फेरी फक्त धोका शोधण्यासाठी मारा. दरवर्षी हमखास दिसणारा ज्वालामुखी दोन प्रकारचा असतो. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगरचा असेल तर खुशाल चालू द्या, खाली जुनी वर्तमानपत्रं पसरा. पण मुलाच्या पुडीत नारिंगी स्फटिक असतील तर ते अमोनियम डायक्रोमेट असण्याची शक्यता आहे. पेटवल्यावर ठिणग्या उडून हिरव्या राखेचा ढीग होतो, दिसायला भारी, पण त्यातलं सहा संयुजेचं क्रोमियम कर्करोगकारक आहे आणि उडणारी धूळ बघणाऱ्या पोरांच्या नाकात जाते. ती पुडी शांतपणे ताब्यात घेऊन यजमान शाळेच्या विज्ञान शिक्षकांकडे द्या, मोरीत ओतू नका.

पारा, पेट्रोल, भरलेला गॅस सिलिंडर, फटाक्यांची दारू, हायड्रोजन भरलेले फुगे, तीव्र आम्ल, यांना सरळ नकार. रक्तगट तपासणीसाठी सुया टोचणंही नको. बुरशी किंवा जिवाणू वाढवलेल्या डिशा असतील तर झाकण चिकटपट्टीने बंद पाहिजे आणि ते कुणी उघडायचं नाही. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले किंवा फुगलेले लिथियम सेल दिसले तर लगेच बाहेर. लेझर असेल तर तो भिंतीकडे वळवून पक्का बांधून टाका.

सांगायची पद्धत मात्र महत्त्वाची आहे. मुलासमोर शिक्षकांवर ओरडून उपयोग नाही. शिक्षकांना बाजूला घ्या, कारण सांगा आणि मॉडेल राहू द्या, फक्त तो पदार्थ काढा. मूल पदार्थाशिवाय मॉडेल समजावू शकतं, मोबाइलवर घरी केलेल्या प्रयोगाचा व्हिडिओ दाखवू शकतं. परीक्षकांनाही आधी कळवा, म्हणजे 'चालत नाही' म्हणून गुण कापले जाणार नाहीत. वाळूच्या बादल्या, भरलेलं अग्निशामक, प्रथमोपचार पेटी आणि १०८ क्रमांक ही तयारी दारापाशी दिसेल अशी ठेवा.

परीक्षण

आता त्या पाच मिनिटांचा हिशोब. एका गटात साठ मॉडेलं आणि प्रत्येकाला पाच मिनिटं म्हटलं तर ३०० मिनिटं, म्हणजे पाच तास, तेही मध्ये चहा न घेता. अकराचं उद्घाटन साडेबाराला संपलं आणि दुपारी जेवणाची सुट्टी झाली, की शेवटच्या वीस मुलांच्या वाट्याला दीड-दोन मिनिटं येतात. भाषणं आपण थांबवू शकत नाही, पण आयोजकांना आधीच सुचवू शकतो की मांडणी पूर्ण झालेल्या गटाचं परीक्षण उद्घाटनाआधी सुरू करा, किंवा परीक्षकांच्या दोन तुकड्या करा. तुकड्या केल्या तर एक पथ्य पाळावं लागतं. एक तुकडी सढळ हाताची आणि दुसरी कंजूष निघते, तेव्हा दोन्हीचे गुण एका यादीत घालून पहिला नंबर काढणं अन्याय आहे. दोन्हीकडची वरची चार-पाच मॉडेलं सगळ्या परीक्षकांनी पुन्हा एकत्र पाहावीत.

परीक्षकांबरोबर फिरणारा स्वयंसेवक हा या दिवसाचा सगळ्यात मोलाचा माणूस. त्याने घड्याळ पाहायचं, चार मिनिटं झाली की हलकेच सांगायचं, पुढच्या मुलाला 'आता तुझी पाळी' म्हणून सावध करायचं. मार्गदर्शक शिक्षक आणि पालकांना त्या वेळेपुरतं टेबलापासून लांब ठेवणं हे त्यातलं कठीण काम. 'सर, जरा आमच्या शाळेचं नीट बघा हं' असं हसत हसत म्हणणारे पुष्कळ भेटतात. तुम्हीही हसा आणि 'परीक्षण झालं की या, सर' एवढंच बोला. मूल अडखळलं तर उत्तर सुचवायचं नाही, मानही हलवायची नाही. गुणपत्रक पेनने भरलेलं, खाडाखोड असेल तिथे सही केलेलं, लगेच पाकिटात.

मुलं तुम्हाला विचारणार, 'परीक्षक काय बघतात?' एनसीईआरटीच्या मार्गदर्शक सूचनांतली विभागणी अशी आहे: मुलाची स्वतःची सर्जनशीलता आणि कल्पकता २० गुण, नावीन्य, वैज्ञानिक विचार, तांत्रिक कौशल्य आणि उपयुक्तता यांना प्रत्येकी १५, कमी खर्च, सहज ने-आण आणि टिकाऊपणा मिळून १०, सादरीकरणाला १०. सादरीकरणाला फक्त दहा, हे मुद्दाम सांगण्यासारखं आहे, कारण थर्माकोलच्या चकचकीत कमानी आणि घोकून पाठ केलेली इंग्रजी भाषणं यांवर आपल्याकडे फार वेळ जातो. मूल पाठांतरात अडकलं असेल तर परीक्षण सुरू होण्याआधी त्याला म्हणा, 'घरी आजीला कसं सांगितलं असतंस, तसं सांग.' आदिवासी पाड्यावरून आलेलं मूल त्याच्या बोलीत बोलत असेल तर तसंच बोलू द्या. परीक्षकांना एखादा शब्द कळला नाही तर ते विचारतील.

तुम्हालाच परीक्षक केलं तर

एखादा परीक्षक ऐनवेळी येत नाही आणि 'तुम्ही इंजिनिअर आहात ना, बसा' असं होतं. मग 'याचं तत्त्व काय?' या प्रश्नाने सुरुवात करू नका, त्याचं उत्तर पाठ असतं. हे विचारून पाहा: करताना पहिल्यांदा काय बिघडलं? हा भाग कुठून आणलास, केवढ्याला पडला? किती वेळ चालतं, मोजलंस का? दुसरं काही वापरून पाहिलंस? ज्याने स्वतः केलंय त्याचे डोळे पहिल्याच प्रश्नाला चमकतात आणि ते सांगायचं थांबत नाही. दुकानातून तयार आणलेलं किंवा काकांनी बनवून दिलेलं मॉडेल असेल तर मूल आधी शिक्षकांकडे बघतं. त्याला पकडल्याच्या थाटात पुढचे प्रश्न विचारू नका. दोष बहुतेक वेळा मोठ्यांचा असतो, आणि गुण द्यायला तुमच्या हातात पेन आहेच.

दरवर्षी एक तरी 'फुकट वीज' असते. मोटर जनित्र फिरवते, जनित्राची वीज मोटरला परत, वर एक दिवाही लागतो. कुठेतरी सेल लपलेला असतो किंवा चाक थोडा वेळ आधीच्या गतीने फिरत असतं. 'हे चूक आहे' असं म्हणून पुढे जाऊ नका, गणित करायला सांगा. मोटर ७० टक्के आणि जनित्रही ७० टक्के कार्यक्षम धरलं तर १०० वॉट घालून ४९ वॉटच परत मिळतात. मग दिव्याला आणि मोटरला पुरेल कसं? नववीतल्या मुलाला हे समजतं. एखादं मूल तिथेच 'म्हणजे सर, हे बंद पडायलाच पाहिजे' असं म्हणतं. वैज्ञानिक विचाराचे गुण मी अशा मुलाला देईन, मॉडेल चाललं नाही तरी.

गर्दी, मुली, जेवण

दुसऱ्या दिवशी आसपासच्या शाळा रांगा करून बघायला येतात. वर्गाला एका दाराने आत, दुसऱ्याने बाहेर अशी वाट ठेवा. दार एकच असेल तर एका वेळी एकच तुकडी. मॉडेलजवळच्या मुलांना तासन्‌तास जागा सोडता येत नाही, म्हणून स्वयंसेवकांनी पाळीने टेबलं सांभाळून त्यांना पाणी प्यायला, लघवीला सोडायचं. मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी आहे का, कडी लागते का, हे सकाळीच एखाद्या बाईंनी पाहून ठेवावं. नाहीतर मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत.

मुलांचे फोन नंबर घेऊ नका, त्यांचे फोटो स्वतःच्या खात्यावर टाकू नका. फोटो शाळेने ठरवलेल्या माणसानेच काढावेत. कोणत्याही मुलासोबत बंद खोलीत एकटं थांबू नका. काही खटकलं तर मुख्याध्यापकांना सांगा. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांकही फलकावर लिहून ठेवा.

जेवण यजमान शाळा बघते. स्पर्धक मुलं आधी, पाहुणे नंतर, एवढा आग्रह तेवढा धरा.

निकाल आणि आवराआवर

गुणांची बेरीज दोघांनी स्वतंत्रपणे करावी, एकाने कागदावर, एकाने एक्सेलमध्ये. आकडे जुळले की मगच परीक्षकांच्या सह्या. सारखे गुण पडले तर काय करायचं हे परीक्षकांकडून सकाळीच लिहून घ्या, बेरीज झाल्यावर नाही. जाहीर होईपर्यंत निकाल तुमच्या तोंडून बाहेर पडता कामा नये, अगदी ओळखीच्या शिक्षकांनाही नाही.

नंबर न आलेली मुलं बक्षीस समारंभ चालू असतानाच सामान बांधायला लागतात. तेव्हा व्यासपीठाजवळ न थांबता वर्गांतून फिरा. 'तुझं गाळणीचं पाणी मोजायची कल्पना चांगली होती, पुढच्या वेळी तीनदा मोज आणि सरासरी काढ', असं एखादं नेमकं वाक्य त्यांना हवं असतं. 'छान होतं हं' याने काही हाती लागत नाही.

संपलेले सेल एका डब्यात वेगळे गोळा करा, थर्माकोल पटांगणात जाळू देऊ नका. लांबच्या गावाची मुलं शेवटच्या एसटीत बसली का, हे त्यांच्या शिक्षकांना फोन करून विचारा. आणि घरी जायच्या आधी दोन पानं लिहा: कोणत्या वर्गाची वीज गेली, परीक्षणाला प्रत्यक्ष किती वेळ लागला, कुठे ऊन होतं, किती टेबलं कमी पडली. पुढच्या वर्षी यजमान शाळा दुसरी असते आणि तिथल्या शिक्षकांना यातलं काहीच माहीत नसतं. ती पानं विज्ञान अध्यापक मंडळाच्या सचिवांकडे द्या आणि एक झेरॉक्स स्वतःजवळ ठेवा, कारण पुढच्या नोव्हेंबरात सचिव बदललेले असू शकतात.